लहान हातासाठी १० मीटर एअर पिस्तूल निवडताना आधी काय पाहावे?

नौपाड्याची आई

नमस्कार. माझी मुलगी १५ वर्षांची असून गेले दीड वर्ष ठाण्यातल्या एका अकादमीत १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते आहे. आतापर्यंत ती अकादमीचेच पिस्तूल वापरते आणि त्याला मध्यम मापाची ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, आहे. तिचे हात लहान आहेत. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६.३ सेंटीमीटर आणि तळव्याची रुंदी, अंगठा सोडून, ७.२ सेंटीमीटर भरते. ती उजव्या हाताने नेम धरते.

अडचण अशी आहे की पहिले वीस-पंचवीस शॉट चांगले जातात, नऊ आणि दहा यांतच राहतात, पण पस्तिसाव्या-चाळिसाव्या शॉटनंतर ग्रुपिंग, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, हळूहळू डावीकडे सरकू लागते. तेव्हा ती प्रत्येक शॉटनंतर हात टेबलावर टेकवून ग्रिप पुन्हा नीट बसवते, आणि सराव संपला की अंगठ्याच्या मुळाशी लालसर वळ दिसतो. कोच म्हणतात की आता स्वतःचे पिस्तूल घेण्याची वेळ आली आहे. आम्हाला सांगितलेली किंमत दोन लाखांच्या वर जाते, म्हणून निर्णय चुकू नये असे मनापासून वाटते.

एका विक्रेत्याने सांगितले की मुलीचा हात अजून वाढेल, त्यामुळे मध्यम ग्रिपच घ्यावी. दुसऱ्याने आखूड नळीचे, वजनाला हलके मॉडेल सुचवले. घरात यांत्रिक ट्रिगर घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, यावरही एकमत होत नाही. ज्यांचे स्वतःचे हात लहान आहेत, किंवा ज्यांनी अशा मुलामुलींना शिकवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेरुळ_पिस्तूल

ताई, माझा हात आपल्या मुलीच्या हातापेक्षा जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांब आहे आणि मी पहिली तीन वर्षे मध्यम ग्रिपवर काढली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आपण वर्णन केलेला वळ आणि डावीकडे सरकणारे ग्रुपिंग मला फार ओळखीचे आहे.

पिस्तूल कोणत्या कंपनीचे घ्यावे हा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवा. आधी तिचा हात ट्रिगरपर्यंत कसा पोचतो ते पाहा. रिकाम्या पिस्तुलावर, कोच शेजारी असताना, तिला ग्रिप नेहमीसारखी धरू द्या आणि तर्जनी ट्रिगरवर ठेवायला सांगा. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर यायला हवा, त्या पेराची दिशा नळीला साधारण काटकोनात हवी, आणि तर्जनीची बाजू व ग्रिपचे लाकूड यांच्यात कागदाचा कपटा सरकेल एवढी फट राहायला हवी. ट्रिगरवर बोटाचे फक्त टोक पोचत असेल तर दाब सरळ मागे न येता तिरका येतो, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाच्या बाबतीत तो सहसा नळीला डावीकडे ढकलतो. ताज्या हाताने ती हे सांभाळून घेत असणार. हात थकला की सांभाळणे संपते आणि चाळिसाव्या शॉटनंतर डावीकडचा सरक दिसू लागतो.

यावर बहुतेक जण पहिला उपाय सांगतात तो ट्रिगर मागे घेण्याचा. स्पर्धेच्या जवळपास सर्व पिस्तुलांत ट्रिगरचे पाते पुढेमागे सरकवता येते आणि ते करून पाहायलाच हवे. मात्र त्याने फक्त बोटाचा प्रश्न सुटतो. ग्रिप जाड असेल तर पात्याने मार्ग काढल्यानंतरही मधले बोट आणि अनामिका ग्रिपच्या पुढच्या बाजूला जेमतेम टेकतात, पकडीचा सारा भार अंगठ्याच्या मुळावर येतो आणि तिथेच वळ उठतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच ग्रिपच्या मागच्या वळणात वरपर्यंत घट्ट बसली आहे का, हेही त्याच वेळी पाहा. लहान हात ट्रिगरसाठी पुढे ताणला गेला की ही खाच जागेवरून सुटते, आणि मग प्रत्येक वेळी ती किंचित वेगळ्या ठिकाणी बसते.

दुसरी तपासणी मी आजही प्रत्येक सरावाआधी करते. डोळे मिटून हात वर उचलायचा, श्वास सोडत नेहमीच्या उंचीवर आणायचा, दोनतीन सेकंद स्थिर करायचा आणि मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेमाची पट्टी, मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप हाताला जुळली आहे. ती दर वेळी एकाच बाजूला चिकटलेली किंवा खाचेच्या खाली बुडालेली दिसत असेल, तर मुलगी प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती मध्यावर आणते आहे. असे दहा वेळा करून दर वेळी काय दिसले ते तिने लिहून ठेवावे.

एवढ्याशा फरकाने काय होते असे वाटेल, म्हणून हिशेब मांडते. दोन्ही साइटमधले अंतर ३२० मिलिमीटर धरले, तर साइटमधली ०.३ मिलिमीटरची चूक १० मीटरवर ९ मिलिमीटरहून थोडी जास्त होते. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि पेलेट (छर्रा) ४.५ मिलिमीटरची. पेलेटची कड वर्तुळाला लागली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत सूट आहे. ०.३ मिलिमीटर म्हणजे चारपाच केसांची जाडी, आणि तेवढ्यावर दहाचा नऊ होतो.

हाच हिशेब आखूड मॉडेलला लावा. साइटमधले अंतर २८० मिलिमीटरवर आले की तीच चूक साडेदहा मिलिमीटरच्या वर जाते. आखूड पिस्तुलाचा खरा फायदा असा की पुढचे वजन कमी झाल्याने खांदा उशिरा थकतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी फाइनवर्कबाऊचे पी ११ पिकोलो, स्टायरचे एलपी २ कॉम्पॅक्ट किंवा मोरिनीचे सीएम १६२ शॉर्ट यांसारखी पिस्तुले उत्तम आहेत. पंधरा वर्षांची, दीड वर्ष सराव केलेली मुलगी पूर्ण मापाचे पिस्तूल पेलत असेल, तर केवळ हाताचा पंजा लहान म्हणून तिला आखूड नळी देऊ नये असे माझे ठाम मत आहे. पंजा लहान असणे आणि खांद्यात ताकद कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात त्यांची नेहमी सरमिसळ होते.

ऐरोली ४.५

ट्रिगरविषयी थोडक्यात लिहितो. एअर पिस्तूलला ट्रिगरचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा दाब, किमान ५०० ग्रॅम असावा लागतो आणि हा नियम दोन्ही प्रकारांना सारखाच आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुटताना आत कमी भाग हलतात, त्यामुळे सुटणे स्वच्छ वाटते. त्याला चार्जिंगची शिस्त मात्र लागते, आणि ऐन स्पर्धेत बिघाड झाला तर रेंजवरचा साधा कारागीर फारसे काही करू शकत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत २०२१ मध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात मध्येच बिघाड झाला, दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली, हे सगळ्यांनी पाहिले आहे. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात त्यांनी कांस्य मिळवले, हेही तितकेच महत्त्वाचे.

मी स्वतः इलेक्ट्रॉनिक वापरतो आणि समाधानी आहे. परंतु आपल्या मुलीचा प्रश्न ट्रिगरचा नाही, तो ट्रिगरपर्यंत पोचण्याचा आहे. दोन प्रकारांमधल्या किमतीचा जो फरक असेल तो बाजूला काढून ग्रिपसाठी ठेवावा, असे मी सुचवेन.

जुने प्रशिक्षक, पनवेल

नेरुळच्या ताईंनी बरेचसे लिहिले आहे. मी दोन मुद्द्यांची भर घालतो.

पहिला मुद्दा ‘हात वाढेल’ या सल्ल्याचा. पंधराव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलींच्या हाडांची वाढ बरीचशी पूर्ण झालेली असते. पंजा अजून काही मिलिमीटर वाढेलही, पण तेवढ्याने लहान माप मध्यम होत नाही. मुलगा तेरा वर्षांचा असता तर मी वेगळा विचार केला असता. शिवाय ग्रिप हा पिस्तुलाचा बदलता येणारा भाग आहे. स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्दिनी या सर्वांच्या ग्रिप वेगवेगळ्या मापांत मिळतात. एक-दोन स्क्रू सैल केले की ग्रिप निघते. पुढे हात वाढला तर ग्रिप बदलता येईल. आज न जुळणाऱ्या ग्रिपवर तिने दोन वर्षे काढली, तर त्या काळात मनगटाला लागलेली सवय मात्र बदलता येत नाही. मी मुलांना शिकवताना सर्वांत जास्त वेळ अशा सवयी मोडण्यात घालवला आहे आणि त्या मोडताना मुलांचे गुण आधी खाली येतात, आत्मविश्वास जातो, काही मुले खेळ सोडूनही देतात. ते पाहताना फार वाईट वाटते, कारण चूक त्यांची नसते.

दुसरा मुद्दा नियमांचा. लहान हातासाठी ग्रिपमध्ये बदल करताना उत्साहाच्या भरात नियम ओलांडला जातो आणि स्पर्धेच्या दिवशी उपकरण तपासणीत पिस्तूल परत येते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तूलचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते. ग्रिपचा कोणताही भाग पंज्याच्या पलीकडे जाऊन आधार देता कामा नये आणि मनगट उघडे, मोकळे दिसले पाहिजे. त्या हातात घड्याळ किंवा कडे चालत नाही. तळव्याच्या कडेखाली येणारी पाम शेल्फ ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये, आणि तिची कड वर वळवलेली चालत नाही. अंगठा वर उचलायला मोकळा राहिला पाहिजे. मध्यम ग्रिपवर लहान हात बसवताना लोक नेमकी पाम शेल्फच वर दाबून हात आवळतात. लक्षात ठेवा, शेल्फ हाताला हळूच टेकली पाहिजे. तिने हात वरच्या बाजूला रेटला तर बोटे बधिर होतात आणि ६० शॉटच्या मालिकेत, ७५ मिनिटांत, त्याची किंमत मोजावी लागते.

परवान्याविषयी आपण विचारले नाही, तरी ठाण्यातले पालक नेहमी विचारतात म्हणून सांगतो. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही. पुढे मुलगी २५ मीटरच्या .२२ पिस्तूलकडे वळली तर मात्र परवान्याची पूर्ण प्रक्रिया करावी लागेल. लोकलने नेताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत ठेवा, पावतीची प्रत पेटीतच असू द्या, आणि स्पर्धेसाठी विमानाने जाताना पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर रिकामा करून न्या.

कळवा ग्रिपकाम

मी गेली काही वर्षे नेमबाजांच्या ग्रिप तासून आणि भरून देतो, म्हणून कामापुरते लिहितो.

लहान ग्रिप विकत घेतली तरी ती पहिल्या दिवसापासून हातात जशीच्या तशी बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. कारखान्यातली ग्रिप सरासरी हातासाठी असते आणि कुणाचाही हात सरासरी नसतो. कुणाची करंगळी आखूड, कुणाच्या अंगठ्याचे मूळ फुगीर. आपल्या मुलीच्या बाबतीत करंगळी आणि तळव्याची बाहेरची कड आधी पाहावी लागेल, कारण लहान हातांत तिथे बहुधा पोकळी राहते.

मी काम असे करतो. ग्रिपवर पातळ कार्बन पेपर गुंडाळून, कार्बनची बाजू बाहेर ठेवून, मुलीला पिस्तूल धरायला सांगतो, हात उचलून तीन वेळा नेम धरून स्थिर राहायला सांगतो, आणि मग तिचा तळवा पाहतो. जिथे गडद निळा डाग उमटतो तिथे लाकूड टोचते आहे आणि जिथे कातडी कोरी राहते तिथे पोकळी आहे. पोकळी असेल तिथे आधी एम-सील लावतो. वाटाण्याएवढा गोळा मळून जागेवर बसवायचा, त्यावर पातळ प्लास्टिक ठेवायचे आणि तिने पिस्तूल नेहमीच्या पकडीत धरून हात तसाच ठेवायचा. बोटाची रेष त्यात उमटते. रात्रभर सुकू देऊन दुसऱ्या दिवशी गोल कानशीने आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हळूहळू कड मोडतो. लाकूड तासण्याचे काम सर्वांत शेवटी करतो, कारण भर खरवडून काढता येते, तासलेले लाकूड परत येत नाही.

आपल्याकडच्या हवेची एक गोष्ट जरूर लक्षात घ्या. जून ते सप्टेंबर या काळात ठाणे-नवी मुंबईत अक्रोडाचे लाकूडही ओल धरते, ग्रिप हाताला किंचित भरल्यासारखी लागते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीच पुन्हा सैल वाटते. म्हणून पावसाळ्यात ग्रिप तासू नका, किंवा तासलीच तर अगदी थोडी. तासलेल्या जागी तेलाचा हात द्यायला विसरू नका, नाहीतर घाम थेट लाकडात मुरतो.

पैशांची सोय असेल तर जर्मनीच्या रिंक या ग्रिप बनवणाऱ्यांकडून हाताचा आराखडा पाठवून ग्रिप बनवून घेता येते. काम उत्कृष्ट असते. पण मुलीची पकड अजून घडते आहे, म्हणून वर्षभर तरी थांबावे असे मला वाटते.

नौपाड्याची आई

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने आणि वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. रविवारी कोचच्या परवानगीने आम्ही सर्व तपासण्या केल्या. अकादमीतल्या एका ताईंकडे त्याच मॉडेलचे, पण लहान ग्रिपचे पिस्तूल होते आणि त्यांनी ते तासभर वापरू दिले, हे आमचे भाग्य.

मध्यम ग्रिपवर तर्जनी टोकानेच ट्रिगरला लागत होती. पाते पूर्ण मागे घेतल्यावर बोट बसले, पण अनामिकेचे टोक ग्रिपच्या कडेवरच राहिले. डोळे मिटून केलेल्या तपासणीत दहापैकी आठ वेळा फ्रंट साइट खाचेच्या एकाच बाजूला चिकटलेली दिसली. लहान ग्रिपवर दहापैकी सात वेळा ती मधोमध आली, आणि उरलेल्या तीन वेळा किंचित खाली. मुलीने स्वतः सांगितले की आता अंगठा दाबावा लागत नाही. इतके दिवस ती अंगठ्याने पिस्तूल आवळून धरत होती हे आम्हाला कुणालाच कळले नव्हते, तिलाही नाही. त्यानंतर ४० शॉट मारले. ग्रुपिंग पूर्वीपेक्षा मोठे होते, पण शेवटपर्यंत मध्याभोवतीच राहिले, डावीकडे गेले नाही. कोच म्हणाले की नव्या पकडीत ग्रुपिंग आधी पसरतेच.

आखूड मॉडेलही पाच मिनिटे धरून पाहिले. ते तिला हलके वाटले, पण फ्रंट साइट जास्त हलते असे तिने लगेच सांगितले. त्यामुळे पूर्ण मापाचे, यांत्रिक ट्रिगरचे आणि लहान ग्रिपचे पिस्तूल घ्यायचे ठरले आहे. इलेक्ट्रॉनिकचे वाचलेले पैसे ग्रिपच्या कामासाठी ठेवले आहेत.

एक शंका राहिली. लहान ग्रिपवरही करंगळीखाली, पाम शेल्फच्या वर, साधारण २-३ मिलिमीटरची फट दिसते. शेल्फ वर घ्यावी की तिथे भर घालावी?

जुने प्रशिक्षक, पनवेल

आधी शेल्फ अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने वर घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर निदान दोन दिवस सराव करू द्या. करंगळी सैल राहिली तर चालते, तळव्याची कड टेकली की पुरे. तिला करंगळी आवळायला सांगू नका, करंगळी आवळली की फ्रंट साइट खाली जाते. तीन वेळा खाली दिसली ती बहुधा त्यामुळेच.

कळवा ग्रिपकाम

सर म्हणतात ते बरोबर आहे. शेल्फने भागले तर भर नकोच. भागले नाही तर पिस्तूल घेऊन माझ्याकडे या, फक्त सकाळी ताज्या हाताने येऊ नका. ६० शॉटचा पूर्ण सराव झाल्यावर लगेच या आणि हाताला क्रीम लावू नका. थकलेला हात ग्रिपमध्ये कुठे सरकतो ते कार्बनवर तेव्हाच दिसते.

नौपाड्याची आई

शेल्फ आजच अर्धा मिलिमीटर वर घेतली आहे. शनिवारी तिचा सराव साडेबाराला संपतो, तोवर फट भरली नाही तर तिथून थेट कळव्याला येतो.